परिचय : एक पान

कलादालनाच्या अर्जासोबत पाच गोष्टी मागितल्या होत्या : दहा छायाचित्रं, अर्जदाराचा एक फोटो, अनुभवाचा दाखला, सही आणि 'कलाकाराचा परिचय (एक पान)'. छायाचित्रं माझ्याकडे चारशे होती. सही मला येते. राहिलेल्या तीन गोष्टी मी सोमवारी दुपारी, जेवण गरम होईपर्यंत उरकणार होतो आणि तसं बायकोला सांगूनही बसलो. मुदत शुक्रवारी चार वाजेपर्यंतची होती. म्हणजे चार दिवस जास्तीचे हातात होते.

वर्तमानपत्रात एकतीस वर्षं फोटो काढलेल्या माणसाला चार दिवस म्हणजे चैन. आग लागल्यापासून पान सुटेपर्यंत मला एकदा पन्नास मिनिटं मिळाली होती, आणि त्यातली वीस बंबाच्या मागे अडकण्यात गेली होती. उरलेल्या अर्ध्या तासात मी फोटो काढला, धुतला आणि कोण कुठे उभं आहे ते डावीकडून उजवीकडे लिहूनही दिलं. अशा माणसाला स्वतःबद्दल एक पान लिहायला किती वेळ लागावा?

त्या चारशे छायाचित्रांबद्दल थोडं सांगतो, कारण सगळा खटाटोप त्यांच्यासाठी होता. कुठल्याही कार्यक्रमाचं काम संपलं की मी एक फोटो स्वतःसाठी काढत असे. सगळे गेल्यावर. भाषण संपलेलं, पाहुणे गाडीत बसलेले, आणि मागे वाकड्यातिकड्या खुर्च्या, कुणाचा तरी विसरलेला चष्मा, माइकची वायर गुंडाळणारा एखादा माणूस. संपादकांनी असा एक फोटो एकदा पाहिला आणि विचारलं, "यात बातमी कुठंय?" मी म्हणालो, "आत्ताच गेली." त्यानंतर मी ते फोटो कुणाला दाखवले नाहीत. चार महिन्यांपूर्वी निवृत्त झालो, खोकी उघडली, तर चारशे बारा निघाले. ते एक आठवडा भिंतीवर लागावेत, एवढंच मला हवं होतं. हा हिवाळा संपला की कलादालन दुरुस्तीसाठी तीन वर्षं बंद राहणार होतं. दालन दुसऱ्या मजल्यावर आहे. तीन वर्षांनी माझे गुडघे तिथवर नेतील, याची हमी गुडघ्यांच्या डॉक्टरांनीही दिलेली नाही.

तर सोमवारी दुपारी मी परिचय लिहिला. नाव, जन्मवर्ष, पत्ता, 'वर्तमानपत्रात छायाचित्रकार, एकतीस वर्षं'. चार ओळी. पाचवी सुचेना. बायकोने जेवणाची ताटं मांडता मांडता कागद वाचला.

"अहो, हा परिचय आहे की हरवलेल्या माणसाची जाहिरात? उंची आणि अंगावरचे कपडे तेवढे राहिलेत."

"फोटोओळ अशीच असते. विशेषणं घालायची नसतात."

"मग कलादालनवाले तुम्हाला शोधून घरी आणून सोडतील. प्रदर्शन नाही देणार."

एवढं बोलून तिने आपल्या भावाला फोन लावला.

माझा मेहुणा शीतगृहात व्यवस्थापक आहे. गोठवलेले मासे, मटार आणि आइस्क्रीम यांच्या सहवासात त्याची अठरा वर्षं गेली आहेत आणि या काळात त्याने पाच नोकऱ्या बदलल्या आहेत. पाचही वेळा परिचयपत्र त्याने स्वतः लिहिलं. त्यामुळे आमच्या घराण्यात या विषयावरचा शेवटचा शब्द त्याचा. तो संध्याकाळी लॅपटॉप घेऊनच आला. माझा कागद त्याने दोन बोटांत धरून पाहिला, मुदत उलटलेल्या मालाकडे पाहावं तसा.

"भाऊजी, यात तुमचं उद्दिष्ट कुठंय?"

"एक आठवडा भिंत मिळावी."

"ते नाही हो. आयुष्याचं. आणि ताकद? आणि उणिवा, पण अशा की त्या ताकद वाटतील?"

मी म्हणालो, फॉर्मवर एक पान म्हटलंय. तो समजूतदारपणे हसला. "एक पान हे किमान असतं. एक पान देणारा माणूस सांगतो की माझ्याकडे एवढंच आहे." मग त्याने स्वतःचं परिचयपत्र उघडलं, त्यातलं स्वतःचं नाव खोडून माझं घातलं आणि म्हणाला, "सांगाडा तयार आहे. मांस तेवढं तुमचं भरू." मांस भरायचं काम त्याने रात्रीच्या जेवणाआधी संपवलं. तीन पानं झाली. आपण 'दबावाखाली शांत राहणारे, संघभावना जपणारे आणि परिणामाभिमुख' आहोत, हे मला त्या दिवशी कळलं. बायको ते वाचून बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिली. ती शांत राहणाऱ्या माणसाला शोधत असावी.

मेहुण्याचा आवाज शीतगृहातल्या पंख्यांच्या वर चढायला शिकलेला आहे. त्यामुळे मला परिचय लिहायचा आहे ही बातमी जिन्याने वर आणि खाली दोन्हीकडे पोचली. मंगळवारी सकाळी वरच्या मजल्यावरच्या बाई आल्या. त्या निवृत्त मुख्याध्यापिका. हातात लाल पेन होतंच. ते त्या बहुधा झोपतानाही खाली ठेवत नसाव्यात.

"तिन्ही पानं द्या. शाळा कुठंय यात? माणूस शाळेत घडतो. पहिलीपासून सुरू करा."

"बाई, फोटोंचं प्रदर्शन आहे."

"म्हणूनच. चित्रकलेत काही बक्षीस?"

मी आठवून पाहिलं. चौथीत हस्ताक्षराला उत्तेजनार्थ मिळालं होतं, ते सांगितलं.

"छान. 'बक्षीस' लिहा. 'उत्तेजनार्थ' लिहायची गरज नाही. खोटं बोलू नये, पण सगळंच सांगत सुटू नये."

पाच पानं झाली. त्यांनी समासात 'अक्षर सुधारा' असा शेरा मारला. कागद टाइप केलेला होता.

बाई वर जातात न जातात तोच तळमजल्यावरचा चित्रकार आला. तो चाळिशीचा आहे आणि फक्त निळ्या रंगात काम करतो. त्याची दोन प्रदर्शनं त्याच कलादालनात झालेली असल्यामुळे त्याच्या शब्दाला वजन होतं. पाच पानं त्याने न वाचताच परत केली.

"काका, तुम्ही काय केलं याच्याशी समितीला देणंघेणं नसतं. का केलं ते लिहा. रिकाम्या खुर्च्यांचेच फोटो का?"

"लोक उठून गेलेले असतात म्हणून."

त्याने डोळे मिटले. मग उघडले आणि माझ्या वतीने बोलायला लागला. मी लिहून घेतलं, कारण बोलणाऱ्या माणसाचं लिहून घेणं ही माझी जुनी सवय आहे. 'माझं काम अनुपस्थितीच्या पोतावर रेंगाळतं. मी उपस्थितांच्या नकाराला साक्षी राहतो.' अशी तीन पानं. एकूण आठ झाली.

बायकोने तेही वाचलं. म्हणाली, "यातलं 'रेंगाळतं' तेवढं खरं आहे. कार्यक्रम आठला संपायचा आणि तुम्ही यायचात दहाला. पण पोताची कामं होती, असं नाही म्हणालात कधी."

बुधवारी मी अनुभवाच्या दाखल्यासाठी जुन्या कचेरीत गेलो. दारावरच्या रखवालदाराला मी एकतीस वर्षं रोज नमस्कार केला होता. त्याने माझ्याकडून वहीत नाव, वेळ, भेटीचं कारण असं सगळं लिहून घेतलं आणि मग विचारलं, "बऱ्याच दिवसांत दिसला नाहीत?"

आस्थापना विभागातल्या बाईंनी माझी फाइल काढली. मी सुरुवातीलाच सांगून टाकलं की छापील पुरावा काढून उपयोग नाही. आमच्या पेपरात प्रत्येक फोटोखाली 'छाया : प्रतिनिधी' एवढंच येतं. पूर, आग, पुलाचं उद्घाटन, सगळं त्या प्रतिनिधीने काढलेलं. तेव्हा तुमच्या दाखल्यावरच माझी सगळी भिस्त आहे.

बाई फाइल वाचत राहिल्या. मग त्यांनी चष्मा काढला.

"तुम्ही भांडारात होतात ना?"

"मी? मी छायाचित्रकार होतो. तुमच्या मुलीच्या शाळेच्या संमेलनाचा फोटो पहिल्या पानावर कुणी लावला?"

"ते खरं हो. पण इथे 'भांडार सहायक (तात्पुरता)' असं आहे."

मग उलगडा झाला. मला घेतलं त्या वर्षी छायाचित्रकाराचं पद मंजूर नव्हतं. भांडारात मात्र एक जागा रिकामी होती. फिल्मचे रोल भांडारात ठेवत, मी रोल वापरणार, म्हणजे माझा भांडाराशी संबंध आहे, असा विचार कुणीतरी केला आणि पद मंजूर होईपर्यंत मला तिथे बसवलं. पद पुढच्या वर्षी मंजूर व्हायचं होतं. ते पुढचं वर्ष अजून यायचं आहे.

"दुरुस्त करा," मी म्हणालो.

"फाइल बंद झाली. निवृत्त माणसाचं पद बदलता येत नाही."

"निवृत्त व्हायच्या आधी आलो असतो तर?"

"तेव्हा अर्ज खातेप्रमुखांमार्फत लागला असता. भांडाराच्या."

बाई माणूस म्हणून चांगल्या. त्यांनी दाखला लगेच दिला, शिक्का ठळक उमटला आणि 'काम समाधानकारक' ही ओळ त्यांनी आपल्याकडून घातली. मी तो कागद घडी न घालता घरी आणला. वाटेत एका दुकानाच्या काचेत मी स्वतःला पाहिलं. भांडार सहायकासारखाच दिसत होतो. तात्पुरता.

गुरुवारी फोटो. घरातल्या सगळ्या अल्बममधून माझा एक फोटो शोधायचा होता. लग्न सोडलं तर एकही निघाला नाही, आणि लग्नातल्या फोटोतही मी फोटोग्राफरला काहीतरी सांगतोय. मुलीच्या बारशापासून तिच्या पदवीपर्यंत सगळीकडे सगळे आहेत. दोन ठिकाणी माझी सावली आहे. एका ठिकाणी चमच्यात माझं प्रतिबिंब आहे, पण चमच्यात मी उलटा आहे.

बायको म्हणाली, "द्या तो कॅमेरा इकडे."

मी तिला खिडकीजवळ उभं केलं. उजेड कुठून येतोय ते दाखवलं. दोन पावलं मागे जायला सांगितलं, मग अर्धं पाऊल पुढे. श्वास रोखायला सांगितलं. कोपरं अंगाला चिकटवायला सांगितली. मग मी भिंतीसमोर जाऊन उभा राहिलो आणि तिथूनही दोनतीन बारीकसारीक सूचना केल्या.

"अहो, एक मिनिट फोटोग्राफर होऊ नका. नुसते उभे राहा."

"उभाच आहे. तू फक्त डावा हात—"

तिने तेवढ्यात बटण दाबलं. फोटोत माझं तोंड उघडं आहे आणि एक बोट वर आहे. मुद्दा असा की फोटो उत्तम आहे. उजेड बरोबर, डोळे स्पष्ट, हात हललेला नाही. एकतीस वर्षांत मी काढलेल्या माणसांच्या फोटोंत एवढा हुबेहूबपणा क्वचितच साधला असेल. तिने आणखी काढायला नकार दिला. "तुम्ही असेच आहात," ती म्हणाली, "समितीलाही कळू दे."

शुक्रवारी तीन वाजून दहा मिनिटांनी मी कलादालनाच्या दुसऱ्या मजल्यावर पोचलो. पाकिटात अर्ज, दाखला, बोट वर केलेला फोटो, आठ पानांचा परिचय आणि अकरा छायाचित्रं होती. दहा मागितली होती. एक जास्तीचं नेणं हा सवयीचा भाग.

खिडकीतला लिपिक माझ्याच वयाचा, कोरड्या चेहऱ्याचा माणूस होता. त्याने परिचयाची पानं मोजली. मग पुन्हा मोजली. मग माझ्यासमोर फॉर्म धरून 'एक पान' या शब्दांखाली नख ठेवलं.

"हे किमान असतं ना?" मी विचारलं. विचारतानाच मला मेहुण्याचा चेहरा दिसला.

"एक म्हणजे एक. चारला खिडकी बंद." त्याने पानं परत करण्याआधी सहज नजर टाकली. "तुम्ही वजा अठरा अंश तापमानात सलग सहा तास काम करू शकता?"

"कोण?"

"तिसरं पान. आणि हे, 'नाशवंत मालाची हाताळणी'. फोटोंचंच प्रदर्शन आहे ना तुमचं?"

मी तिसरं पान पाहिलं. सांगाड्यातली दोन हाडं मेहुण्याचीच राहून गेली होती. चार दिवस ती पानं मुख्याध्यापिकेने तपासली, बायकोने वाचली, मी वाचली. मी, ज्याने एकतीस वर्षांत एका माणसाचं नाव चुकू दिलं नाही. पानं घेऊन मी समोरच्या बाकावर जाऊन बसलो.

आमच्याकडे बातमी लांबली की खालून कापतात. महत्त्वाचं वर असतं असा नियम आहे. मी आठव्या पानापासून कापत निघालो. अनुपस्थितीचा पोत गेला. हस्ताक्षराचं बक्षीस गेलं. संघभावना गेली. कापत कापत पहिल्या पानाच्या डोक्याशी आलो, तर वर उरलं 'उद्दिष्ट : प्रगतिशील संस्थेत जबाबदारीचं पद मिळवणे.' तीन वाजून पस्तीस झाले होते आणि माझ्याबद्दल काहीही शिल्लक नव्हतं.

त्या वेळी मला एक गोष्ट समजली, आणि ती फार मोठी नाही. मला स्वतःबद्दल लिहिता येत नाही. मला फोटोखाली लिहिता येतं. एवढंच येतं.

मी अकरावं छायाचित्र बाहेर काढलं. ते याच इमारतीतलं होतं. तळमजल्याचं सभागृह, एकोणीस वर्षांपूर्वीची कुठलीशी वार्षिक सभा, संपून सात मिनिटं झालेली. दोनशे रिकाम्या खुर्च्या आणि मागून दुसऱ्या रांगेत, अगदी कडेला, गणवेशातला एक शिपाई तोंडाचा आ करून जांभई देतोय. मी खिडकीशी गेलो आणि कोरा कागद आणि डिंक मागितला.

लिपिकाने डिंकाची बाटली पुढे सरकवली आणि तिच्यावरचा हात तसाच ठेवून फोटोकडे पाहत राहिला.

"हा कुठून आणलात?"

"मी काढलाय."

"हा मी आहे."

मी फोटो पाहिला, मग त्याला पाहिलं. कोरडेपणा एकोणीस वर्षांत आलेला होता, पण कान तेच होते.

"सकाळी सातपासून उभा होतो त्या दिवशी," तो म्हणाला. "साहेब लोक गेले तेव्हा कुठे बसलो. कुणी पाहिलं नाही असं वाटलं होतं."

"नाव काय तुमचं?"

"कशाला?"

"फोटोत माणूस असेल तर खाली नाव लागतं. एकोणीस वर्षं राहिलंय."

त्याने नाव सांगितलं. मी आडनावाचं अक्षर न् अक्षर विचारून घेतलं. मग कागदावर फोटो चिकटवला आणि त्याच्या खाली पेनाने लिहिलं :

'तळमजल्याचं सभागृह, वार्षिक सभा संपल्यानंतर सात मिनिटांनी. मागून दुसऱ्या रांगेत कडेला : त्या वेळचे शिपाई', पुढे त्याचं पूर्ण नाव. 'छायाचित्रात नसलेले : बाकी सगळे. छाया : अर्जदार. वर्तमानपत्रात एकतीस वर्षं नाशवंत मालाची हाताळणी. त्यातलं जे टिकलं ते सोबत जोडलं आहे.'

मेहुण्याची ती एक ओळ मी ठेवली. आठ पानांत तेवढीच माझ्याबद्दलची होती.

लिपिकाने पान वाचलं. मग दाखला उचलला आणि तिथे थांबला.

"भांडार सहायक?"

"हो."

"मग छायाचित्रकार कोण होतं?"

"मीच."

त्याने फॉर्म पुन्हा पाहिला. या वेळी नख दुसऱ्या ओळीवर होतं. "'अनुभवाचा दाखला, सही-शिक्क्यासह.' सही आहे, शिक्का आहे. अनुभव कशाचा ते विचारलेलं नाही." असं म्हणून त्याने आवक क्रमांक टाकला. घड्याळात चारला सहा मिनिटं कमी होती. माझ्या मते दाखल्यावर दोन मिनिटं वाया गेली होती, पण मी बोललो नाही. दबावाखाली मी शांत राहतो.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. दालन मिळालं होतं. समितीने 'परिचयाच्या नेमकेपणाची' नोंद घेतली होती. मेहुण्याने फोनवर पत्र ऐकलं आणि म्हणाला, "बघा भाऊजी. मी म्हटलंच होतं, सांगाडा पक्का लागतो."

उद्घाटनाला सगळे आले. लिपिकाने घरच्यांना आणलं होतं आणि तो आपल्या फोटोपासून दोन हातांवर, इकडेतिकडे बघितल्यासारखं करत उभा होता. त्याची नात प्रत्येकाला बोट दाखवून सांगत होती, "हे आजोबा जांभई देतायत." वरच्या मजल्यावरच्या बाई फोटोंखालच्या पाट्यांवरचं शुद्धलेखन तपासत फिरल्या आणि बाहेर पडताना त्यांनी लाल पेन पर्समध्ये ठेवलं. तसं मी पहिल्यांदाच पाहिलं.

आमच्या पेपरातून एक तरुण फोटोग्राफर आली होती. माझ्या जागी घेतलेली. चपळ होती, उजेड तिने बरोबर हेरला. दालनाच्या अध्यक्षांशेजारी तिने माणसं उभी केली, कॅमेरा डोळ्याला लावला, पुन्हा खाली घेतला आणि माझ्याकडे पाहून म्हणाली, "काका, जरा बाजूला होता का? फ्रेममध्ये येताय."

मी झालो. सवयच तशी. कुणी कॅमेरा लावला की मी आपोआप बाजूला होतो.

दुसऱ्या दिवशी पाचव्या पानावर फोटो आला. खाली ओळ होती, 'छायाचित्र प्रदर्शनाच्या उद्घाटनप्रसंगी डावीकडून दालनाचे अध्यक्ष, निवृत्त मुख्याध्यापिका, चित्रकार, शीतगृह व्यवस्थापक आणि इतर.' त्याखाली बारीक अक्षरात, 'छाया : प्रतिनिधी.' मी भिंग घेऊन पाहिलं. फोटोच्या उजव्या कडेला अर्धा खांदा आणि एक कान आला होता.

"हे इतर कोण?" बायकोने विचारलं.

"मी."

तिने भिंग घेतलं, कान पाहिला, खात्री करून घेतली. मग कात्रीने फोटो कापला, कोऱ्या कागदावर चिकटवला आणि बॉलपेनने खाली माझं पूर्ण नाव लिहिलं. त्याच्यापुढे लिहिलं, 'उजवीकडून पहिला.'